गच्चीवरचं सफरचंद, नोंद ३ : बर्फाची लादी आणून पाहिली
बियांचं काय होतंय ते संक्रांतीच्या सुमारास कळेल, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. कळलं संक्रांतीलाच, पण आधी आत्याला. हळदीकुंकवाला आली, फ्रिजमध्ये श्रीखंडाचा डबा दिसला म्हणून झाकण उघडलं आणि ओरडली, "अरे, अळ्या झाल्यात यात!" ओल्या कोकोपीटमध्ये तपकिरी बी, तिच्या टोकाला फट आणि त्यातून तांदळाच्या कणीएवढं पांढरं मूळ. ५९वा दिवस. (श्रीखंड नाही म्हणून आत्या अजून नाराज आहे.)

नवीन मंडळींसाठी उजळणी. १६ नोव्हेंबरला नऊ किन्नौरी सफरचंदांतून ६० बिया काढल्या. २४ ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा), फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. तिथं तापमापी ३ ते ५ अंश दाखवते. १२ त्याच कप्प्यात, पण कोरड्या. १२ ओल्या, पण स्वयंपाकघराच्या ओट्यावर. आणि उरलेल्या १२ ओल्या करून फ्रीझरमध्ये. ही शेवटची अक्कल माझीच: हिमाचलात बर्फ पडतो, म्हणजे जितकं गार तितकं बरं!

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत भाजीच्या कप्प्यातल्या २४ पैकी १७ बियांना मोड आले. चार बुरशीने गेल्या, तीन अजून ढिम्म आहेत. बाकी तिन्ही गटांत शून्य. कोरड्या बिया जशाच्या तशा राहिल्या, कारण बीमधलं झोपेचं रसायन, अ‍ॅब्सिसिक आम्ल, कमी व्हायला गारवा आणि ओल दोन्ही लागतात, आणि तेही दोन-तीन महिने सलग. ओट्यावरच्यांना ओल मिळाली, गारवा नाही. फ्रीझरमधल्या बोटांनी दाबल्या तर पिठासारख्या चेपल्या. आतल्या पाण्याचा बर्फ झाला की पेशी फाटतात, त्याचा हा नमुना.

मग डोंगरात बर्फाखालच्या बिया कशा जगतात? तिथं हवा उणे १५ असली तरी हात-दीड हात बर्फाखाली जमीन शून्याच्या आसपासच राहते. ताज्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्यांपर्यंत हवाच असते, म्हणजे तो गादीतल्या कापसासारखा. आपण इंदूरकर 'बर्फ' म्हटलं की उसाच्या रसातला खडा डोळ्यांसमोर आणतो, म्हणून ही गल्लत. बी बर्फाखाली असते तेव्हा ती फ्रीझरमध्ये नसते, भाजीच्या कप्प्यात असते.

हे पटवून घ्यायला जानेवारीत एक उद्योग केला. गच्चीवर कोकोपीटच्या दोन सारख्या कुंड्या, दोन्हींत बोटभर खोल तापमापीची तार. एक उघडी. दुसरी थर्माकोलच्या खोक्यात ठेवून वर लादीचा फोडलेला बर्फ वीतभर, त्यावर गोणपाट. रात्री हवा ५.८ पर्यंत उतरली, दुसऱ्या दिवशी दुपारी २६ वर गेली. उघड्या कुंडीने ८ ते २४ असा झोका घेतला. बर्फाखालची दीड दिवस १ अंशाच्या आसपास हललीच नाही. बर्फ वितळेपर्यंत उष्णता त्यातच खर्च होत राहते. लादीच्या बर्फात हवा नसते, त्यामुळे ही अर्धीच नक्कल. खरा हिम ऊबही धरतो आणि वितळताना तापमानही थोपवतो. शिवाय माझ्या कुंडीचा पार चिखल झाला. उतारावर ते पाणी हळूहळू मुरतं, म्हणून तर हिमाचलचे बागायतदार बर्फाला 'सफेद खाद' म्हणतात.

यातून उलटी गंमत निघते: हिवाळा उबदार झाला, बर्फ कमी पडला, तर जमीन जास्त गारठते. अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या हबर्ड ब्रूक जंगलात संशोधकांनी फावड्याने बर्फ बाजूला ओढून हे पाहिलं. उघडी माती गोठली, झाडांची बारीक मुळं मेली आणि त्यांनी न घेतलेलं नायट्रेट पाण्याबरोबर वाहून गेलं. अलास्कातले येलो सिडार वृक्ष तर असेच वाळत गेले; मुळं उथळ, वरची दुलई गेली, थंडीच्या एका तडाख्यात खलास. बर्फाखाली बोगदे करून हिवाळा काढणाऱ्या उंदरांसारख्या व्होलचीही तीच गत. आणि हिवाळ्यात पांढरा होणारा स्नोशू ससा रंग बदलतो तो दिवसाच्या लांबीवर, बर्फ बघून नाही. बर्फ उशिरा आला की बिचारा तपकिरी रानात चुन्याच्या बोटासारखा दिसतो.

आता गच्चीवरचं मोठं झाड, हिमाचलचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी काढलेली सफरचंदाची जात एचआरएमएन-९९, तिसरं वर्ष. हिमाचलातल्या रॉयल डिलिशस जातीला हिवाळ्याची झोप मोडायला ७ अंशांखालचे हजारभर तास लागतात. माझ्या गच्चीवर या हिवाळ्यात भरले ६१. त्यातही थंडीचा हिशेब ठेवायच्या यूटा पद्धतीने मोजलं तर १६ अंशांवरची दुपार रात्रीची कमाई वजा करते, म्हणजे आपलं खातं कायम उणे. ही जात कमी थंडीत भागवते म्हणून तर लावली. डिसेंबरात पानं हाताने ओरबाडून तिला जबरदस्तीने झोपवलं. फांद्यांवरचे डोळे (कळ्या) फुटले, पण एकदम नाही: एका फांदीवर फुलं, दुसरीवर पानं, तिसरी ठणठणीत काठी. थंडी अपुरी पडल्याची हीच खूण. फुलांचे पाच झुबके आले, चार गळले.

आपला मालव्याचा गहू या भानगडीत पडत नाही. युरोपातल्या हिवाळी गव्हाला ओंबी धरायला गारठ्याची लांब मुदत लागते. आपल्या जाती त्या अटीतून मुक्त.

१७ रोपांपैकी ११ कुंडीत टिकलीत. खरी पानं चार-चार, कडा करवतीसारख्या. दोन रोपांचे शेंडे खारीने खाल्ले, त्यांवर आता पिठाची चाळण पालथी घातली आहे आणि आईला चाळण सापडत नाहीये. बीपासूनचं झाड आईबापासारखं फळ देत नाही, ते माहीत आहे. ही रोपं कलमाच्या खुंटासाठी. होळीनंतर हिरव्या जाळीखाली हलवीन. मे महिना काढला तर पुढची नोंद.