भाड्याच्या प्लेअरमधून माझाच संग्रह सोडवताना

आमच्या घरी हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताच्या सुमारे सहाशे सीडी आहेत. त्यांतल्या निम्म्या वडिलांनी जमवलेल्या आणि उरलेल्या माझ्या. २०१४ ते २०१६ या काळात, सुटीच्या दिवशी आठ-दहा अशा हिशेबाने, त्या सगळ्या मी संगणकावर फ्लॅक स्वरूपात उतरवून घेतल्या. या स्वरूपात ध्वनीतले काहीही गळत नाही आणि तरी फाइलचा आकार जवळजवळ निम्मा होतो, त्यामुळे एक सीडी साधारण साडेतीनशे एमबीत मावली आणि सगळा संग्रह दोनशे जीबीच्या आसपास राहिला.

हा संग्रह ऐकायला खास प्लेअर, म्हणजे संगणकावर संगीत वाजवणारे वेगळे सॉफ्टवेअर, कशाला हवा, असे घरी अनेकदा विचारले गेले आणि प्रश्न रास्त होता. माझा संगणक तेव्हा मॅक होता. सीडीवरचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा, म्हणजे आकड्यांत टिपलेल्या मापांचा, असतो. संगणकाची जोडणी दुसऱ्या दरावर ठेवलेली असेल तर मॅक तो स्वतः बदलत नाही, ध्वनीचेच रूपांतर करून पुढे पाठवतो. खास प्लेअर हा दर प्रत्येक फाइलनुसार आपोआप बदलतो आणि मूळ आकडे जसेच्या तसे डॅककडे, म्हणजे आकड्यांचा पुन्हा ध्वनी करणाऱ्या संगणकाबाहेरच्या डबीकडे, पोहोचवतो. दुसरे कारण मला त्याहून महत्त्वाचे होते. विलंबित ख्याल एका ट्रॅकवर आणि त्याला जोडून आलेली द्रुत बंदिश पुढच्या ट्रॅकवर, अशी आपल्याकडच्या बहुतेक सीडींची रचना असते. तबला चालूच असताना मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता पडली तर जिन्याची पायरी चुकल्यासारखे होते; खास प्लेअर ती पडू देत नाही. म्हणून २०१६ मध्ये एका छोट्या परदेशी कंपनीचा प्लेअर सहा हजार रुपये एकदाच भरून मी विकत घेतला आणि पुढची पाच वर्षे त्याबद्दल विचार करण्याची वेळ आली नाही. (कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे ज्यांची नावे येतील, त्यांपैकी ती नव्हे.)

मग वर्गणीची लाट आली. मे २०२१ मध्ये ऑडिरवाना या फ्रेंच प्लेअरची ‘स्टुडिओ’ ही नवी आवृत्ती केवळ वर्गणीवर निघाली आणि जुने ग्राहक इतके नाराज झाले की नंतर कंपनीने ‘ओरिजिन’ नावाची, एकदाच पैसे भरण्याची आवृत्तीही आणली. माझ्या प्लेअरच्या कंपनीनेही त्याच सुमारास ईमेल पाठवून कळवले की पुढची आवृत्ती वार्षिक वर्गणीवर मिळेल आणि जुनीत आता सुधारणा होणार नाहीत. मी जुनीच चालवत राहिलो; पण २०२२ मध्ये मॅकची प्रणाली अद्ययावत केली आणि जुन्या आवृत्तीला डॅक दिसेनासाच झाला.

वर्गणी भरावी की नाही, यावर तेव्हा मी ज्याच्या-त्याच्याशी बोललो. पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेला माझा मेहुणा म्हणाला, “दाजी, ॲपल दरवर्षी नवी प्रणाली काढते, त्यासाठी या लोकांना दरवर्षी तेच काम पुन्हा करावे लागते. तुमचे सहा हजार त्यांनी २०१६ सालीच खर्च केले.” मुंबईतल्या मित्राची तऱ्हा वेगळी. त्याने रून या संगीत वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आजीव परवाना ४९९ डॉलर असतानाच घेऊन ठेवला होता. २०१९ मध्ये तो ६९९ झाला आणि पुढे ८२९.९९ डॉलरपर्यंत गेला, त्यामुळे स्वस्तात घेतलेल्या प्लॉटबद्दल बोलावे तसा तो त्याबद्दल बोलत असे. मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये रूनची २.० आवृत्ती आली, तिला इंटरनेटची जोडणी सतत लागू लागली, आणि आजीव परवानाधारकांसकट अनेकांनी आरडाओरडा केला, त्यात तोही होता. ज्यांना तसे नको होते त्यांच्यासाठी कंपनीने १.८ ही जुनी आवृत्ती वेगळी ठेवली.

मला सगळ्यांत पटले ते मात्र आमच्या मिरजेतल्या तंबोरे करणाऱ्या एका कारागिरांचे बोलणे. ते अधूनमधून ऐकायला येतात. मी तक्रारीच्या सुरात म्हणालो, “तुम्ही विकलेल्या तंबोऱ्याचे दरवर्षी भाडे मागितले तर कसे वाटेल?” ते म्हणाले, “भाडे नाही मागत. पण जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून सूर पुन्हा खुलवायला, बोलावता तेव्हा पैसे घेतोच की. फक्त मी नाही आलो म्हणून तुमचा तंबोरा वाजायचा थांबत नाही.” या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला दोन वर्षांनी नीट कळला.

ऑगस्ट २०२२ मध्ये मी वर्गणी भरली. जाहिरातीतला आकडा साडेपाच हजार रुपयांच्या आसपासचा; त्यावर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे परकीय चलनाचे साडेतीन टक्के धरून पावणेसात हजार गेले. नवी आवृत्ती देखणी होती, हे कबूल केले पाहिजे. कलाकाराच्या नावावर टिचकी मारली की त्याचे चरित्र, गुरू, समकालीन, सगळे समोर येई. ‘नवे ध्वनी-इंजिन’ हा दावा मात्र मी तपासून पाहिला. सौभाग्यवतींना मला न सांगता दोन्ही आवृत्त्या आलटून पालटून लावायला सांगितल्या. जुन्या मॅकवर जुनी, नव्यावर नवी, डॅक एकच. बारा वेळा ऐकून सहा वेळा माझे उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून जे मिळाले असते तेवढेच. दोन्ही प्लेअर तेच आकडे डॅकला देत असतील तर दुसरे काही होण्याचे कारणही नव्हते.

पहिला अडथळा २०२३ च्या ऑगस्टमध्ये आला. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी आधी नोंदणी लागते आणि किमान २४ तास अगोदर बँकेने ग्राहकाला कळवावे लागते. ग्राहक म्हणून हा नियम मला चांगलाच वाटतो. पण माझ्या प्लेअरच्या कंपनीने तशी नोंदणीच केलेली नव्हती, त्यामुळे बँकेने नूतनीकरण नाकारले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेअर उघडला तर वर्गणीची खिडकी सोडून काहीच दिसेना. नव्याने कार्ड घालून, ओटीपी देऊन पैसे भरायचे तर खात्यावर ‘सदस्यत्व आधीच आहे’ असा संदेश येई. तीन ईमेल आणि सहा दिवस यात गेले.

दुसरी वेळ जुलै २०२४ मधली. चार दिवस पाऊस थांबला नव्हता आणि आमच्या गल्लीतली फायबरची तार तुटली होती. वीज होती. संध्याकाळी मल्लिकार्जुन मन्सूर ऐकावेत म्हणून प्लेअर उघडला. पडद्यावर गोल चक्र काही वेळ फिरले आणि ‘सदस्यत्वाची पडताळणी करता आली नाही’ एवढे लिहून ते थांबले. दर काही दिवसांनी त्याला आपल्या सर्व्हरला विचारून यावे लागे आणि नेमकी तीच मुदत त्या दिवशी संपली होती. हार्ड डिस्क हातभर अंतरावर होती, तिचा निळा दिवा लुकलुकत होता. शेवटी मॅकच्या फाइंडरमध्ये तीच फाइल निवडून स्पेस बार दाबला आणि लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून मन्सूर गाऊ लागले. वर्गणी भरलेली होती, फाइल माझी होती, सीडी कपाटात होती. तेव्हा कारागिरांचे वाक्य आठवले आणि ऑगस्टमध्ये नूतनीकरण करायचे नाही, हे त्याच रात्री ठरले.

खरे संकट त्यानंतर लक्षात आले. दोन वर्षे मी या प्लेअरमध्ये बसून माहिती दुरुस्त केली होती. हे सॉफ्टवेअर अल्बम, गाणे आणि संगीतकार या चौकटीतून जगाकडे पाहणारे. त्याच्या लेखी ‘राग बसंती केदार’ हे गाण्याचे नाव होते, तेच दुसऱ्या सीडीवर ‘वसंती केदार’ असे आले की ते दुसरे गाणे होई, आणि संवादिनीवर किंवा तबल्यावर कोण आहे याचा तर पत्ताच नसे. सीडीच्या पुस्तिका समोर ठेवून राग, ताल, साथीदार अशी सगळी माहिती मी देवनागरीत भरली होती. ती फाइलींमध्ये लिहिली जात असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती प्लेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये साठत होती आणि फाइली २०१६ साली होत्या तशाच कोऱ्या राहिल्या होत्या. पावणेसात हजारांचे मला एवढे वाईट वाटले नाही, जेवढे माझ्याच दोन वर्षांच्या मेहनतीवर दुसऱ्याचे कुलूप आहे याचे वाटले.

मेन्यूत खोल कुठेतरी निर्यातीची, म्हणजे भरलेली माहिती बाहेर काढण्याची, सोय होती आणि वर्गणी जिवंत असेपर्यंतच ती चालणार होती. तिच्यातून एक लांबलचक सीएसव्ही यादी (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) मिळाली. सुदैवाने फ्लॅक फाइलींच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच माहिती लिहिण्याच्या जागेत, आपल्याला हवे ते खाने बनवता येतात. खान्याचे नाव रोमन अक्षरांत द्यावे लागते, पण आत देवनागरी निर्धास्त लिहिता येते. मुलीच्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर एमपीथ्रीटॅग हे मोफत सॉफ्टवेअर घेतले, त्यात यादीतल्या ओळी क्रमाने फाइलींमध्ये उतरवता येतात. पहिल्या प्रयत्नात एक्सेलने सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हे करून टाकली. यादी यूटीएफ-८ या, सगळ्या लिपी सांभाळणाऱ्या पद्धतीत जपून ठेवल्यावर ते सुटले. दुसऱ्या प्रयत्नात यादीतली मथळ्याची पहिली ओळ काढायची राहिली आणि सगळे राग एकेका ट्रॅकने सरकले. तोडीवर यमन लिहिला गेला, यमनवर मारवा आणि पहिल्याच ट्रॅकच्या रागाच्या खान्यात नुसते ‘राग’. मूळ डिस्कची प्रत आधी काढून ठेवली होती म्हणून बचावलो. तिसऱ्या वेळी वीस-वीस सीडींचे गठ्ठे करून, प्रत्येक गठ्ठ्यानंतर पुस्तिकेशी ताडून पाहत पुढे गेलो. त्याला जवळजवळ तीन आठवडे लागले.

आता त्याच विंडोज लॅपटॉपवर फूबार २००० चालतो. हा प्लेअर २००२ पासून मोफत मिळतो, दिसायला जुन्या सरकारी कार्यालयासारखा आहे आणि डॅकला आकडे जसेच्या तसे देतो. त्यात मी रागाचा वेगळा रकाना करून घेतला आहे. ‘तोडी’ शोधले की संग्रहातल्या सगळ्या तोड्या एकाखाली एक दिसतात. कलाकारांची चरित्रे मात्र गेली आणि कधीकधी त्यांची उणीव भासते. चरित्रे, छायाचित्रे, नवी माहिती हे सतत करत राहण्याचे काम आहे, त्याची वर्गणी मागणे मला आजही गैर वाटत नाही. वर्गणी थांबली की तेवढाच भाग थांबावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सदस्यत्व रद्द करताना शेवटच्या पानावर कारण विचारले होते. महाग वाटते, वापर कमी आहे, दुसरे सॉफ्टवेअर आवडले आणि इतर, असे चार पर्याय होते. मी ‘इतर’ निवडून बारा ओळी लिहिल्या. दोन दिवसांनी उत्तर आले की पुढच्या वर्षासाठी निम्म्या दराची सवलत देण्यात आनंद होईल. ते ईमेल अजून तसेच पडून आहे. त्या डेटाबेसपर्यंत कधी पोहोचल्याच नव्हत्या अशा ऐंशी सीडींची माहिती मी सध्या भरतो आहे, आणि त्यांतल्या काहींच्या पुस्तिका वाळवीने खाल्ल्यामुळे तबलजीचा खाना रिकामा ठेवावा लागतो आहे.