चिखलदऱ्याच्या नाल्यातलं नॉस्टॉक

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढताना लागणाऱ्या नाल्यांना नोव्हेंबरच्या अखेरीस नितळ, गुडघाभर पाणी असतं. सायनोबॅक्टेरिया (निळं-हिरवं शैवाल म्हणतात ते जिवाणू), त्यातही गोळ्यांच्या रूपात वाढणारं नॉस्टॉक शोधायला हेच दिवस. पावसाळ्यात लोंढा दगड खरवडून नेतो, उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनविभागाची लेखी परवानगी नसेल तर नमुना घेऊच नये.

वाहत्या धारेतल्या काळ्या बेसाल्टवर वाटाण्यापासून लिंबाएवढे, हिरवट-तपकिरी, खडबडीत, गिळगिळीत गोळे चिकटलेले होते. बेडकाची अंडी समजून हे सहज सुटतात. अंड्यात गडद ठिपका असतो, यात नसतो. बोटाने दाबला की गोळा दबतो. खड्यासारखा कडक लागला तर रिव्ह्युलॅरिया या दुसऱ्या सायनोबॅक्टेरियाचा संशय घ्या: त्याचे तंतू टोकाकडे निमुळते होतात आणि हेटरोसिस्ट (हवेतला नायट्रोजन बांधणारी जाड भिंतीची पेशी) बुडाशी असते.

गोळा बोथट सुरीने बुडापासून सोडवा. बाटलीत नाल्याचंच पाणी, तेही अर्ध्यापर्यंत. काठोकाठ भरलेली बाटली गाडीत तापली की गोळा सडायला लागतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आतच टाका, पेनची शाई फुटते. नमुना टिकवायला वापरतात त्या फॉर्मलिनने रंग उडतो, म्हणून ताज्या नमुन्याचं निरीक्षण आणि फोटो आधी. मगच १ भाग बाजारी फॉर्मलिन, ९ भाग पाणी.

सूक्ष्मदर्शकासाठी कडेचा तांदळाएवढा तुकडा पुरतो. काचपट्टीवर ठेवून वरची काच हलकेच दाबा. मण्यांच्या माळेसारखे, फांद्या नसलेले, वेडेवाकडे तंतू दिसले आणि मधूनमधून जाड भिंतीची फिकट पेशी आली की ते नॉस्टॉक. शंका असेल तर आयोडीनचा थेंब टाका: हिरव्या शैवालातलं स्टार्च निळं-काळं होतं, इथे तसं होत नाही.

जातीसाठी मात्र मोजमाप हवं. प्रत्येक लेन्सला मायक्रोमीटर (सूक्ष्मदर्शकातली मोजपट्टी) वेगळा जुळवा, निदान २० पेशी मोजा. तंतूची रुंदी ३ ते ३.५ मायक्रॉन आणि वाहत्या पाण्यातला खडबडीत गोळा, म्हणून हा नॉस्टॉक वेरुकोसम या जातीच्या जवळ जातो. पण कोवळ्या गोळ्यांत अकायनीट (प्रतिकूल काळात तग धरणाऱ्या पेशी) सापडले नाहीत, तेव्हा ठाम नाव देणं घाईचं ठरेल. पुढे जाणाऱ्यांनी त्याच जागेवरचे जुने, पोकळ झालेले गोळेही घ्यावेत.

नमुना संत्र्याच्या बागांच्या वरच्या अंगालाच घ्या. खतातला नायट्रोजन पाण्यात उतरला की हेटरोसिस्ट कमी होतात, आणि ओळख-किल्ली (लक्षणांवरून टप्प्याटप्प्याने नाव शोधायची यादी) पहिल्याच पायरीला भलत्या गटाकडे नेते.