सात तारखेच्या आत

लातूरच्या मार्केट यार्डात शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या आडतदारांची कराची कामं मी करतो. लोकांना वाटतं, आमची धावपळ जुलैत, रिटर्न भरायच्या वेळी. खरी धावपळ सोयाबीन यार्डात उतरतं तेव्हा असते. हंगामात आडतदाराचं भांडवल सारखं फिरतं असतं, त्यातले दोन-तीन लाख अडकले की पुढचे सौदे अडतात.

2024 च्या दिवाळीनंतर एका आडतदाराचा फोन आला. ऑक्टोबरात काढलेल्या 1 कोटी 40 लाख रोखीवर बँकेनं 2 लाख 80 हजार टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घ्यायचा कर, कापला होता. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 194एन प्रमाणे वर्षात 1 कोटीच्या वर रोख काढली की वरच्या रकमेवर 2 टक्के कापायचे. याचा 1 कोटीचा आकडा ऑक्टोबरआधीच ओलांडला होता, म्हणून सगळ्याच रकमेवर कपात झाली. पण बाजार समितीत नोंद असलेल्या आडत्यानं शेतकऱ्यांना मालाचे पैसे देण्यासाठी काढलेल्या रोखीला सूट आहे. हे कलम 1 सप्टेंबर 2019 ला लागू झालं आणि 20 सप्टेंबरला ही सूट देणारी अधिसूचना निघाली, क्रमांक 70. दिल्लीत कुणाला तरी यार्ड कळलं होतं, याचं मला आजही बरं वाटतं. आडत्यानं पॅन आणि खातं कळवून रोख शेतकऱ्यांसाठीच आहे असं लेखी द्यायचं, बँकेनं खात्री करून पुरावे ठेवायचे. आम्ही ते एप्रिलमध्येच दिलं होतं, शिक्क्याची पोच होती. मधल्या काळात कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंद्यासाठीच्या कर्जखात्याचं, नूतनीकरण झालं आणि त्यात सूट असल्याची नोंद उडाली.

घाई होती ती 7 तारखेची. ऑक्टोबरात कापलेला टीडीएस 7 नोव्हेंबरपर्यंत सरकारजमा करायचा असतो. तोवर पैसा बँकेकडंच असतो, उलटी नोंद होऊ शकते. एकदा चलन भरलं की रिटर्न भरून परतावा मागायचा, म्हणजे ज्याच्या हिशोबाला ऑडिट लागतं त्याला जवळपास वर्षभर थांबणं आलं. डिसेंबरच्या आगाऊ करात थोडं वळतं होतं, पण याचा करच तेवढा होत नाही.

6 तारखेला बँक उघडताच आम्ही शाखेत. फाइलमध्ये परवाना, पोच, अधिसूचना आणि ऑक्टोबरच्या सगळ्या हिशोबपट्ट्या. पट्टीवर शेतकऱ्याचं नाव, गाव, कट्टे, वजन, भाव, खाली सही नाहीतर अंगठा. त्या त्या दिवशी काढलेली रोख आणि त्या दिवशीच्या पट्ट्यांची बेरीज मी रात्री बसून समोरासमोर लावली होती. दोनच दिवस फरक होता, तोही दुसऱ्या दिवशीच्या रोजकीर्दीत जुळत होता. असा तक्ता हातात असला की आवाज चढवावा लागत नाही.

शाखाधिकारी म्हणाले, "सिस्टीम कापते साहेब, आमच्या हातात काही नाही." अधिसूचना ते पहिल्यांदाच बघत होते. माणूस वाईट नव्हता, तिघांचं काम एकटा ओढत होता. पण मार्केट यार्डाशेजारच्या शाखेत बसून रोखीचाच नियम वाचायचा नाही, हे मला पटत नाही. तक्ता बघितल्यावर मात्र त्यांनी सगळे कागद लगेच मुख्य कार्यालयाला मेल केले.

आम्ही उत्तराची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात काउंटरवरून औसा तालुक्यातले एक शेतकरी आडतदाराला बघून जवळ आले. "मालक, तुम्ही म्हनले पैसे टाकले. हितं म्हनतेत होल्ड हाय." दिवाळीआधी पहिली कपात दिसल्यावर आडतदारानं धसका घेतला होता आणि काही जणांचे पैसे रोख न देता खात्यावर टाकले होते. यांचे 86 हजार. सोयाबीनचा हमीभाव तेव्हा क्विंटलला 4,892, यांच्या पट्टीवर भाव 4,150. पीककर्ज थकीत, म्हणून आलेली सगळी रक्कम अडवलेली. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य पडतं, पण एक हंगाम हुकला की माणूस त्यातून बाहेर पडतो आणि सहसा परत आत येत नाही. अतिवृष्टीच्या मदतीतून वसुली करू नका, असे शासनाचे आदेश तरी निघतात. विकलेल्या मालाच्या पैशाला तेवढंही कवच नाही. हरभऱ्याची पेरणी तोंडावर होती.

यार्डात रोख चालते म्हणजे काळा पैसा, असं शहरातले लोक सर्रास म्हणतात. पट्ट्या तपासताना मला दिसतं ते असं, की रोखीसाठी अडून बसतात त्यातल्या बहुतेकांचं खातं थकीत असतं. बँक होल्ड लावते म्हणून शेतकरी रोख मागतो, म्हणून आडतदार रोख काढतो, आणि त्या रोखीवर तीच बँक टीडीएस कापते. कायद्याची याला हरकत नाही. धंद्यातल्या रोख खर्चाला असलेली 10 हजारांची मर्यादा शेतमालापोटी शेतकऱ्याला दिलेल्या रोखीला लागत नाही, फक्त एका शेतकऱ्यामागे एका दिवसात 2 लाखांच्या आत राहावं लागतं. त्या महिन्यात तर निवडणुकीची नाकाबंदी होती. 50 हजारांच्या वर रोख सापडली की चौकशी, म्हणून आडतदार प्रत्येकाला पट्टी खिशात ठेवायला सांगत होते. तरी लोक रोखच मागत होते.

चारच्या सुमारास मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं आणि संध्याकाळी 2 लाख 80 हजार खात्यात परत जमा झाले. त्या शेतकऱ्याचा अर्ज मीच लिहून दिला. शाखाधिकाऱ्यांनी बियाण्यापुरते 20 हजार सोडले, बाकीचे 66 हजार कर्जखात्यात गेले. खताला आणि घराला लागणारे पैसे आडतदारानं तुरीवर उचल म्हणून दिले, आपल्या कॅश क्रेडिटमधून. म्हणजे बँकेनं वसूल केलेल्यातला काही पैसा बँकेच्याच दुसऱ्या खात्यातून निघून त्याच माणसाकडं गेला, आता आडतदाराच्या व्याजासकट. बँकेच्या कागदावर वसुली झाली. माझ्याकडं 31 मार्चच्या ताळेबंदात ती उचल येणं म्हणून उभी होती, कारण तुरीनं ती पूर्ण फिटली नाही.

आता दर महिन्याच्या 1 तारखेला मी प्रत्येक आडतदाराच्या खात्यावर सूट असल्याची नोंद आहे का, ते शाखेतून लेखी मागतो. पण खात्यावर टाकू की रोख देऊ, असं त्यांनी विचारलं की मी फक्त करापुरतं सांगू शकतो.