तुम्ही विचारलंत म्हणून: सायकॉलॉजीत शिकवतात तरी काय?

काकू, जिन्यात भेटलात की तुमचा प्रश्न ठरलेला. "तुझ्या त्या सायकॉलॉजीत शिकवतात तरी काय गं? मनातलं ओळखायला? आमच्या नातीला घालू का?" दर वेळी माझ्या हातात भाजीची पिशवी असते आणि मी नुसती हसून वर जाते. आज नीट सांगते.

मनातलं ओळखता येत नाही. बी.ए. झालं, एम.ए. झालं, आता पीएच.डी. चालू आहे, तरी आई सकाळपासून गप्प का आहे हे मला विचारावंच लागतं. खरं तर तेच शिकवतात: विचारायचं कसं.

आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र एकाच फॅकल्टीत आहेत, म्हणून वाड्यातल्या अर्ध्या लोकांना मी बी.एड. करते असं वाटतं. असो. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला 'सब्जेक्ट' लागतो, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती व्यक्ती. माझी सब्जेक्ट आजी. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःवरच पाठांतराचे प्रयोग करून १८८५ साली ते छापले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळानं किती विसरतो ते मोजायचं. शब्दाला अर्थ असला की तो आधीच्या कशाला तरी चिकटून लक्षात राहतो, मग निव्वळ स्मरण मोजता येत नाही. मी यादी केली, त्यात 'मेश' घातलं. मराठीत काही अर्थ नाही ना! आजीनं नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं. का, तर समोरच्या गुजराती बेन काजळाला मेश म्हणतात. दांडिया बाजारात निरर्थक शब्द शोधणं किती अवघड आहे ते मला त्या दिवशी कळलं. जर्नलमधलं ते पान मी फाडून टाकलं. फाडायला नको होतं. त्या प्रयोगातलं सगळ्यात खरं तेवढंच होतं.

दहा ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, विभागात पोस्टर लागतात, पथनाट्य होतं. नवरात्र त्याच सुमारास आलं तर निम्मी मंडळी रात्रभर गरबा खेळून पेंगत असतात. एका वर्षी आम्ही टेबलावर स्ट्रूपचा खेळ मांडला होता. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहायचा आणि विचारायचं, शाई कोणती? माणूस अडखळतो, कारण वाचायचं नाही म्हटलं तरी डोळे वाचतातच. स्ट्रूपनं हे १९३५ साली दाखवलं. आम्ही एक पट्टी मराठीत केली, एक गुजरातीत. तुमचे यजमान आले होते, आठवतंय? मराठी पट्टीवर अडखळून वैतागले आणि गुजराती सरसर म्हणून गेले. गुजराती चांगलं येतं म्हणून नव्हे. ती लिपी वाचायची सवय कमी, म्हणून ती आडवी आली नाही. काकांना मी हे तेव्हा सांगितलं नाही.

नातीचं म्हणाल, तर दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. एक, यात आकडेमोड भरपूर आहे. सरासरी, प्रमाण विचलन, टी-टेस्ट. गणित सुटलं म्हणून इकडे येणाऱ्या मुली दुसऱ्या वर्षी रडतात. दोन, एम.ए. झालं की लगेच 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. गोळ्या लिहून देणारे सायकायट्रिस्ट वेगळे, ते एम.बी.बी.एस. करून आलेले डॉक्टर.

माझं स्वतःचं काम सध्या अडलंय. उदासी मोजायची वीस प्रश्नांची एक अमेरिकन प्रश्नावली आहे, १९७७ सालची. तिच्यात एका ठिकाणी 'ब्लूज' येतं, म्हणजे उदास वाटणं; शब्दशः निळे रंग. आता त्याला मराठीत काय, निळं वाटतं म्हणू? व्ही. व्ही. कामतांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, तेव्हा त्यांनाही असंच शब्द शब्द चाचपावं लागलं असणार. नियम असा, की मी मराठी करायचं, मग मूळ न पाहिलेल्या कुणाकडून तरी ते परत इंग्रजीत करून घ्यायचं आणि दोन्ही ताडून पाहायचं. 'करमत नाही' लिहिलं, तर इंग्रजीत कंटाळा होऊन परत आलं. गुजरातीत 'गमतुं नथी' म्हटलं, तर आवडत नाही आणि बरं वाटत नाही, दोन्ही निघतं. छातीत धडधडून जीव वरखाली होतो त्याला इथे सगळे 'गभरामण' म्हणतात, आपली मराठी माणसंसुद्धा. ते मराठी प्रश्नावलीत ठेवू का? गाईड म्हणतात, ज्यांना विचारायचं त्यांच्या तोंडातला शब्द घे.

म्हणून आता मीच तुम्हाला विचारते. गेल्या महिन्यात तुम्ही दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर मटकन बसलात, पाणी मागितलंत, आणि मी काय होतंय विचारल्यावर एक शब्द म्हणालात. मी पाण्याला धावले आणि तो विसरले. काय होता तो?