बसस्थानकाचं आवार मोजताना

क्वांटिटी सर्व्हे, म्हणजे बांधकामाची परिमाणं मोजून त्यांचा हिशेब मांडणं, शिकायला आलेल्या अप्रेंटिसच्या हातात बहुतेक ठिकाणी आधी इमारतीचा नकाशा आणि एक्सेलची शीट पडते. बसस्थानकाच्या कामात मात्र बराच पैसा आवारात जातो आणि त्यातलं निम्मं काम काँक्रीट पडल्यावर कुणालाच दिसत नाही. भिंत, प्लास्टर, फरशी महिन्याने पुन्हा मोजता येते. खोदाईचा तळ, मुरमाचा थर आणि डीएलसीची (वरच्या काँक्रीटखाली घालायच्या कोरड्या, कमी सिमेंटच्या काँक्रीटच्या थराची) जाडी मोजायची संधी एकदाच मिळते. काम नाशिकच्या ठक्कर बाजारचं असो, मेळा किंवा महामार्ग स्थानकाचं असो, की सिटीलिंक या शहर बससेवेच्या तपोवन डेपोसारख्या आगाराचं, झाकलं जाणारं काम झाकण्याआधी मोजणं हेच या शिक्षणातलं पहिलं काम आहे असं मला ठामपणे वाटतं.

सुरुवात जेसीबी यायच्या आधी होते. आवारावर ५ मीटर बाय ५ मीटरची चौकट आखायची, प्रत्येक कोपऱ्यावर स्टाफ (मापाच्या खुणांची उभी पट्टी) धरून ऑटो लेव्हल या दुर्बिणीच्या यंत्राने लेव्हल, म्हणजे त्या जागेची उंची, घ्यायची. बेंचमार्क, म्हणजे सगळ्या लेव्हल जिच्याशी ताडायच्या ती पक्की खूण, कशावर घ्यायचा हे नीट ठरवा. फलाटाच्या कडेला किंवा जुन्या कर्बवर घेतलेला बेंचमार्क तोडकामात पहिल्याच दिवशी उडतो आणि मग आधीच्या सगळ्या लेव्हल अधांतरी राहतात. पाडायची नसलेली इमारत शोधा, तिच्या जोत्यावर रंगाने खूण करा आणि त्याच लेव्हलशी जुळणारी दुसरी खूण आवाराच्या विरुद्ध टोकाला करून ठेवा. घेतलेल्या लेव्हलच्या कागदावर शाखा अभियंता आणि ठेकेदाराचा माणूस या दोघांच्या सह्या त्याच दिवशी झाल्या पाहिजेत. खोदाई झाल्यावर त्याच बिंदूंवर पुन्हा लेव्हल घ्यायची. चौकटीच्या चार कोपऱ्यांच्या खोलीची सरासरी गुणिले २५ चौरस मीटर, हे त्या चौकटीचं घनफळ.

नाशकात खोदाईचा खरा वाद खोलीपेक्षा थरांवर होतो. खाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. एकाच आवारात एका टोकाला काळी माती लागते, मध्ये मुरूम आणि दुसऱ्या टोकाला थेट कातळ. माती, मऊ मुरूम, कडक मुरूम, मऊ खडक, कठीण खडक, प्रत्येकाचा दर वेगळा. थर बदलला की काम तिथेच थांबवून लेव्हल घ्यायची, फोटो काढायचा आणि वर्गवारी जागेवरच ठरवायची. तळ गाठल्यावर ‘वर किती मुरूम होता’ याला कुणाकडेच पुरावा नसतो. माती आणि खडक मिसळून निघत असतील तर खडक वेगळा रचून चट्टा (रचलेला ढीग) मोजतात आणि आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे दगडांमधल्या पोकळीपोटी ५० टक्के वजा करतात. चट्टा वेडावाकडा रचलेला असेल तर मोजू नका, आधी नीट रचून घ्या.

भरावाचा मुरूम डंपरच्या खेपांवर मोजायचा मोह सगळ्यांना होतो. डंपरमधला मुरूम सैल असतो, रोलर फिरल्यावर तो दबतो. पैसे दाबलेल्या थराचे द्यायचे असतात, म्हणून मोजमाप लेव्हलनेच. खेपांची नोंद ठेवायची ती फक्त ताळा म्हणून. सैल आकडा दाबलेल्याच्या सव्वा ते दीडपट दरम्यान असेल तर ठीक, त्याबाहेर गेला तर कुठेतरी चूक आहे.

आता काँक्रीट. बस वळते तिथे चाकाच्या रेट्याने पेव्हर ब्लॉक सरकतात, सांध्यातली रेती निघून जाते. डिझेल सांडतं तिथे डांबर मऊ पडतं. म्हणून वळणाच्या जागी आणि पंपाजवळ काँक्रीट घालतात. समजा ४५ मीटर बाय २१ मीटरचा भाग आहे, ३.५ मीटरच्या सहा पट्ट्या, दर ४.५ मीटरवर आडवा सांधा. क्षेत्रफळ ९४५ चौरस मीटर, २५० मिमी जाडीला २३६.२५ घनमीटर. जाडीत एक सेंटिमीटर फरक म्हणजे ९.४५ घनमीटर, ६ घनमीटरच्या दीड ट्रान्झिट मिक्सर गाड्यांहून जास्त. म्हणूनच लांबी-रुंदी सेंटिमीटरपर्यंत, पण स्लॅबची जाडी ५ मिमीपर्यंत मोजायची. डीएलसीचा पृष्ठभाग खाली-वर असेल तर वरचं काँक्रीट कुठे जाड, कुठे पातळ होतं. जाड झालेल्याचे जादा पैसे मिळत नाहीत आणि पातळ झालेलं कोअर (तपासणीसाठी कापलेला दंडगोल नमुना) काढल्यावर उघडं पडतं. त्यामुळे डीएलसीवरच्या लेव्हल नोंदवल्याशिवाय पुढच्या थराला होकार देऊ नये.

याच भागात आतले आडवे सांधे नऊ (१८९ मीटर) आणि उभे पाच (२२५ मीटर), एकूण ४१४ मीटर कटिंग. प्रत्येक आडव्या सांध्यात पट्टीमागे नकाशात ११ डॉवेल (सांध्यापलीकडच्या स्लॅबवर भार पोचवणारे सळईचे तुकडे) दाखवले असतील तर ५९४ नग होतात. ३२ मिमी सळईचं वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने मीटरला ६.३२ किलो, ४५० मिमी लांबीला २.८४ किलो, म्हणजे एकूण सुमारे १,६९० किलो. डॉवेल साध्या गुळगुळीत सळईचे, उभ्या सांध्यातले टाय बार (शेजारच्या पट्ट्या धरून ठेवणाऱ्या सळया) कंगोऱ्यांचे. दोन्ही एकाच ओळीत मांडू नका.

हिशेब बरोबर आला तरी बिल चुकू शकतं. निविदेतला आयटम शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. पेव्हमेंट काँक्रीटच्या दरात अनेकदा डॉवेल, टाय बार, सांधे कापणं आणि भरणं धरलेलं असतं. तसं असेल तर वरचे १,६९० किलो वेगळे मागता येत नाहीत, आणि ते सळईच्या आयटममध्ये घुसले की लेखापरीक्षणात वसुली निघते. अंदाजपत्रकात आयटमचं त्रोटक नाव पाहून परिमाण भरण्याची सवय इथे फार महागात पडते.

स्थानक चालू ठेवून काम करायचं असल्याने अर्धं आवार आधी, अर्धं नंतर होतं. दोन टप्प्यांच्या सांध्यावरची रेषा नकाशावर मापासह काढा, नाहीतर मधली एखादी पट्टी दोन्ही बिलांत येते. तोडलेले पेव्हर ब्लॉक मोजून रचायचे, जुन्या शेडचं लोखंड वजन करून नोंदवायचं, कारण तो माल खात्याचा असतो. ड्रेनेजच्या पाइपची लांबी चेंबरच्या आतल्या भिंतीपासून पुढच्या चेंबरच्या आतल्या भिंतीपर्यंत. शेडचे पत्रे बसवलेल्या क्षेत्रफळावर, एकावर एक चढलेला भाग धरायचा नाही.

एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, रबर चालत नाही. चुकलेला आकडा एका रेघेने खोडायचा, वर बरोबर आकडा, बाजूला सही आणि तारीख. तपशिलाच्या रकान्यात नुसतं ‘आवार काँक्रीट’ लिहू नये. ‘फलाट ३ समोर, दक्षिणेकडील गेटपासून ० ते ४५ मीटर’ असं लिहिलं तर तुमच्या जागी आलेल्या नव्या माणसालाही ते सापडतं.

२०२७ च्या सिंहस्थामुळे नाशकात तात्पुरती कामंही शिकायला मिळतील. गर्दीच्या दिवसांत खासगी गाड्या शहराबाहेर थांबवून भाविकांना बसने पुढे नेतात, त्यासाठी बाहेरच्या वाहनतळांवर बॅरिकेड, मंडप, फिरती शौचालयं, खडी-मुरमाचे रस्ते लागतात. यातलं पुष्कळसं भाड्याने येतं आणि पर्वणी झाल्यावर उचललं जातं. त्यामुळे परिमाणाला दिवसांचा रकाना जोडावा लागतो: बॅरिकेड रनिंग मीटर गुणिले दिवस, मंडप चौरस मीटर गुणिले दिवस, शौचालयं नग गुणिले दिवस. उभं केल्याची आणि काढल्याची तारीख जागेवरच सहीनिशी घ्या. फोटोत एखादी न हलणारी खूण, विजेचा खांब किंवा मैलाचा दगड, दिसेल असा कोन धरा आणि मोजमाप तळ भरण्याआधी उरका. माणसांची रांग लागल्यावर टेप पसरता येत नाही.