आधी पाय, मग पाठ

शाळेच्या अंकात आठवणींची पानं बाकीचे भरतीलच. यंदा चित्रकलेच्या खोलीत शाडू आलाय असं कळलं, म्हणून मुलांसाठी मातीतून माणूस घडवण्याबद्दल थोडं कामाचं लिहितो.

माणूस घडवायला घेतला की हात पहिला डोळ्यांकडे जातो. तिथेच काम बिघडतं. थकवा, राग, दुःख आधी पायांत आणि पाठीत दिसतं. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर बसच्या रांगेतली पाठमोरी माणसं बघा. बॅग ज्या खांद्याला, तो खांदा वर चढलेला, कणा उलट बाजूला कललेला. चेहरा न बघताही माणूस दमलाय हे कळतं.

३० सेंटीमीटरच्या आकृतीला डोकं ४ सेंटीमीटरचं; उंचीचा मध्य जांघेपाशी. आतल्या सांगाड्याला अ‍ॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून घ्या. लोखंडी तार गंजून मातीला डाग पाडते. तारेवर सुतळी गुंडाळा, नाहीतर ओला शाडू घसरतो. पाठीमागून कमरेला एक सळई द्या, ती पाटाला पक्की करा. माती किलोभर पुरते.

माती चढवण्याआधी तारच वाकवा. भार एका पायावर दिला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं, खांदा खाली येतो, दुसरा गुडघा सैल पडतो. गळ्याच्या खळगीपासून वजनाला लोखंडी नट बांधलेला दोरा सोडा. तो भाराच्या पायाच्या घोट्याजवळ आला तर आकृती उभी राहते. टेकलेल्या पावलाच्या पुढे पडला तर ती धावू लागते. दोन्ही पायांवर सारखा भार दिलात तर मात्र प्रार्थनेला उभा केलेला विद्यार्थी तयार होतो!

दुःखात छाती पोटाकडे मिटते. रागात खांदे वर येतात, मान आखूड होते. मूठ वळताना अंगठा बोटांच्या बाहेर ठेवला तर राग, आत दडपला तर भीती. एवढ्याशा फरकाने सगळी आकृती बदलते.

कपडाही हालचाल सांगतो. शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांची १८९६ ची ‘मंदिरपथगामिनी’ ही देवळात निघालेल्या तरुणीची मूर्ती चित्रात तरी नीट पाहा. तिची चाल नेसणीच्या चुण्यांतून कळते.

ओल्या स्पंजने सारखं गुळगुळीत करू नका, उंचसखलपणा पुसला जातो. काम थांबवलं की ओलं फडकं आणि वर प्लास्टिक. उन्हात तर ठेवूच नका. शाडू आकसतो, तार आकसत नाही. पहिली चीर घोट्याला पडते. ओलं असतानाच प्लास्टरचा साचा घ्या. साच्यातून काढताना मातीची आकृती मोडते, तेव्हा रडायचं नाही, आकार साच्यात राहिलेला असतो.