फ्रियर टाउनमधली उपासना

केनियातल्या मोंबासाला येणारा पाहुणा फोर्ट जीझस बघतो, जुन्या शहरातल्या कोरीव दारांचे फोटो काढतो आणि डियानीच्या पांढऱ्या वाळूवर जाऊन पडतो. किल्ला मीही पाहिला. पोर्तुगिजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतलेला तो किल्ला देखणा आहे, पण त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला मोंबासात एक रविवार हवा होता, तो फ्रियर टाउन या गुलामीतून सुटलेल्यांच्या जुन्या वसाहतीतल्या चर्चसाठी.

मी नाशिकची, ख्रिस्ती मंडळीत वाढलेली. शरणपूर रोड म्हटलं की आज दुकानं, दवाखाने आणि सिग्नलवरची गर्दी डोळ्यांपुढे येते. या रस्त्याला नाव देणारं शरणपूर हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेलं गाव. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्यानं ते उभं केलं. तिथं एके काळी आफ्रिकन मुलं राहत होती, एवढं आमच्या मंडळीतल्या जुन्या माणसांकडून मी लहानपणी ऐकलं होतं. ती कुठून आली, पुढे त्यांचं काय झालं, हे कुणी सांगत नसे. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, आणि मग मोंबासाला जायचंच हे मनानं घेतलं.

ब्रिटिश आरमार त्या काळात अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडत असे. गलबतावर सापडलेल्या माणसांना उतरवायचं कुठे, हा प्रश्न होता. काहींना एडनला, काहींना सेशेल्सला, तर काहींना मुंबईला आणलं जाई. त्यांतली मुलं १८६०च्या दशकात शरणपूरला येऊ लागली. न्यासा सरोवराच्या आसपासच्या गावांतून पळवलेली, आईबाप हरवलेली ही लेकरं. शरणपुरात ती लिहाय-वाचायला शिकली, सुतारकाम शिकली, लोहाराच्या भात्यापाशी बसली. त्यांचा बाप्तिस्मा झाला, विल्यम, जेकब, मॅथ्यू अशी नावं त्यांना मिळाली. इंग्रजी कागदपत्रांत ती ‘नासिक बॉइज’ झाली आणि मोठेपणी मोंबासात ‘बॉम्बे आफ्रिकन्स’.

आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या प्रवासाची गोष्ट जगाला माहीत आहे. १ मे १८७३च्या सुमारास तो आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला. त्याच्या माणसांनी त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं आणि देह वाळवून, कापडात गुंडाळून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेला. चुमा आणि सुसी ही त्यांतली दोन नावं प्रसिद्ध झाली. पण काळीज पुरताना दफनविधीची प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटनं, आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानंच. तो शरणपूरचा विद्यार्थी. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लिव्हिंगस्टनची शवपेटी नेणाऱ्यांत तो होता. मॅथ्यू वेलिंग्टन हाही त्या देहाबरोबर चाललेला नाशिकचा मुलगा. तो पुढे मोंबासात राहिला आणि १९३५ मध्ये वारला. आपल्याकडे शाळेत लिव्हिंगस्टन शिकवतात. वेनराइटचं अक्षर नाशिकमध्ये घडलं, हे निदान नाशिकच्या शाळांत तरी सांगायला हवं.

फ्रियर म्हणजे सर बार्टल फ्रियर. सातारा खालसा झाला त्या काळात तो तिथला रेसिडेंट होता, पुढे १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर. मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडली गेली ती त्याच्याच कारकिर्दीत. नंतर झांझिबारच्या सुलतानाशी गुलामांच्या व्यापाराबद्दल वाटाघाटी करायला त्याला पाठवलं आणि १८७३ मध्ये तह होऊन तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. मग सुटका झालेल्यांची वसाहत आफ्रिकेतच हवी असं ठरलं. प्राइसच मोंबासाला आला, बेटासमोर मुख्य भूमीवर जागा घेतली आणि शरणपूरहून शंभरावर आफ्रिकन माणसांना इकडे आणलं. ते साल १८७५. ही माणसं इथं शिक्षक झाली, सुतार, लोहार, दुभाषी झाली. आरमारानं नव्यानं सोडवलेल्यांना सावरण्याचं काम यांच्याकडे आलं.

तर रविवारी सकाळी गावातून मटाटू, म्हणजे तिथली वडाप, पकडली. न्याली पूल ओलांडला की खाली खाडीचं निळं पाणी आणि वर आलात की केंगेलेनीचा चौक. एका बाजूला कोंगोवेआचा मोठा बाजार, टोमॅटोच्या राशी, बोडाबोडावाल्यांच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्यांच्या, आरोळ्या. त्यांच्याखाली बहुतेक बजाज बॉक्सर, आपल्या मराठी मुलखातल्या कंपनीची. या सगळ्या गलबल्यात फ्रियर टाउनची घंटा उभी आहे. गुलामांचे मालक किंवा व्यापारी चाल करून येताना दिसले की ती वाजवायची आणि लोकांनी सावध व्हायचं, अशी तिची नेमणूक होती. सोडवलेला माणूस पुन्हा पळवला जाण्याची भीती तेव्हा खरीखुरी होती, कारण या किनाऱ्यावर गुलामगिरीच कायद्यानं संपली ती १९०७ मध्ये. घंटेखालून आता शाळेची मुलं भजी खात जातात.

चर्च तिथून चालत जाण्याजोगं आहे. इमॅन्युएल चर्च, अँग्लिकन चर्च ऑफ केनियाचं. सकाळची इंग्रजी उपासना संपत होती, मी स्वाहिलीसाठी थांबले. माणसं रविवारच्या कपड्यांत येत होती: पुरुष कोटात, मुली कडक इस्त्रीच्या झग्यांत, मदर्स युनियनच्या बाया एकसारख्या पोशाखात, एकमेकींचे रुमाल सारखे करत. एकीनं माझा हात धरून मला थेट तिसऱ्या बाकावर नेलं आणि गीतांचं पुस्तक उघडून माझ्या मांडीवर ठेवलं.

उपासनेचा सांगाडा मला पाठ होता. पापांगीकार, स्तोत्र, दोन पाठ, शुभवर्तमान, विश्वासांगीकार. अँग्लिकन घराण्यातलं कुठलंही चर्च घ्या, क्रम हाच. त्यामुळे भाषा न कळताही आता काय चाललंय ते मला प्रत्येक क्षणी कळत होतं. पण या सांगाड्यावर त्यांनी जे अंगरूप चढवलंय ते त्यांचं स्वतःचं आहे. पहिलं गीत जुन्या इंग्रजी चालीवर, संथ, उभं राहून. ते संपतं न संपतं तोच मागून कुणी बाईनं सूर उचलला, कयांबा खळखळू लागला आणि सगळी मंडळी टाळ्यांवर आली. कयांबा हे या किनाऱ्याचं वाद्य, बोरूच्या काड्यांची चपटी पेटी, आत बिया. दोन्ही हातांत धरून हलवतात. आमच्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-ओव्यांत ख्रिस्त गायला तेव्हा टाळ-मृदंग चर्चमध्ये आला. इथं तीच वाट कयांबानं आत काढलेली दिसली. विदेशी चालीचं गीत मला आवडतं, पण माणसं खरी मोकळी होतात ती आपल्या वाद्यावर, हे मी दोन्हीकडे पाहिलं.

पाळक पुढे येऊन म्हणाले, “मुंगू नि म्वेमा”, देव चांगला आहे. मंडळीनं गजर केला, “किला वकाती”, सर्वकाळ. शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा ओरडत होती.

नोव्हेंबर होता आणि बारावीसारखी त्यांची मोठी परीक्षा, केसीएसई, सुरू होती. पाळकांनी परीक्षेला बसलेल्या मुलांना पुढे बोलावलं. मुलं-मुली लाजत वेदीसमोर उभी राहिली. आईबापांना सांगितलं, मागे जाऊन खांद्यावर हात ठेवा. मग मुलांनी खिशातली पेनं काढून वर धरली आणि सगळ्या चर्चनं एकाच वेळी, ज्याच्या त्याच्या शब्दांत मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. एका मुलाच्या मागे उभं राहायला कुणी नव्हतं. मला बाकावर बसवणारी बाई उठली, पुढे गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तिचा स्वतःचा मुलगा दोन मुलं सोडून पलीकडे, बापाच्या हाताखाली होता.

‘प्रभूची प्रार्थना’ आली तेव्हा सगळे “बाबा येतू उलिये म्बिंगुनी” म्हणत होते आणि मी माझ्यापुरती “हे आमच्या स्वर्गातील पित्या” म्हटली. प्रभुभोजनाला कठड्याशी गुडघे टेकले. भाकर आणि एकाच प्याल्यातून द्राक्षारस.

शेवटी सूचना, आणि त्या लांबतात. लग्नांची जाहीर नावं, आजाऱ्यांची नावं, एका अंत्यविधीची वर्गणी, अर्पणासाठी एम-पेसाचा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायचा, नंबर. मग पाहुण्यांनी उभं राहायचं. मी स्वाहिलीत पाठ केलेलं सलामाचं वाक्य म्हटलं आणि सांगितलं, नाशिकहून आले, शरणपूरच्या गावाहून. तरुणांनी नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. पुढच्या बाकांवरची काही म्हातारी माणसं मात्र वळून बघू लागली.

बाहेर अंगणात लिलाव चालू झाला. ज्यांच्याकडे पैसे नसतात ते अर्पण म्हणून वस्तू आणतात: कोंबडी, अंडी, केळ्यांचा घड, शहाळी. उपासनेनंतर त्यांची बोली होते आणि ती रक्कम चर्चला जाते. मी केळ्यांचा घड घेतला आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे एका आजीला देऊन टाकला. तिनं तो पुन्हा लिलावात ठेवला, म्हणजे चर्चला दोनदा पैसे मिळाले.

तिथंच एक आजोबा काठी टेकत माझ्याकडे आले. चांगलं इंग्रजी बोलत होते. “बिंती (मुली), नासिक अजून आहे?” त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, आहे, आता फार मोठं शहर झालंय, आणि शरणपुरात आजही रविवारी मराठीत उपासना होते. त्यांचे पूर्वज गलबतावरून सुटलेले. घरात नाशिकचं नाव चालत आलं, पण तिथून आलेलं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. मी फोनवरचे आमच्या चर्चचे फोटो दाखवले. ते बराच वेळ झाडंच बघत होते. वडाचं झाड मोठं करून त्यांनी ते कुठलं, असं विचारलं.

त्यांनी गोड तेवढंच सांगितलं नाही. मिशनचा कारभार कडक होता, काही वेळा क्रूर. १८८१ मध्ये फ्रियर टाउनमध्ये फटक्यांच्या शिक्षेवरून ब्रिटिश कॉन्सलला चौकशी करावी लागली होती. नाशिकहून शिकून आलेल्यांना गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीचा पगार किंवा मान मिळत नसे आणि ते याविरुद्ध बोलत. हे मलाही महत्त्वाचं वाटतं. ज्यांनी सोडवलं त्यांच्यापुढे मान तुकवून राहणारी ही माणसं नव्हती. आजोबा म्हणाले, “रबईला जा. विल्यम जोन्सचं काम तिथं आहे.”

दुसऱ्या दिवशी गेले. मझेरासकडे जाणारी मटाटू आणि पुढे बोडाबोडा. रबई डोंगरावर आहे, नारळाच्या झाडांत. क्राफ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी १८४६ मध्ये इथं ठाणं मांडलं, आता जुन्या चर्चमध्ये क्राफच्या नावाचं संग्रहालय आहे. जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे फ्रियर टाउन वसायच्या दहा वर्षं आधी, १८६४ मध्येच शरणपूरहून या डोंगरावर आले होते. जोन्स पेशानं लोहार. १८८५ मध्ये त्याला आणि सेमलरला डीकनपदाची, म्हणजे पाळकपदाच्या आधीच्या पायरीची, दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टनबरोबर तो युगांडाच्या वाटेला लागला, बिशप मारला गेल्यावर उरलेल्या माणसांचा तांडा त्यानं परत आणला.

आणि मग त्यानं मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना रबईत आसरा दिला. नियमानं त्यांना परत करायला हवं होतं. मालक चिडले, मिशनची वरिष्ठ मंडळी घाबरली, पण माणसं येतच राहिली, झोपड्या बांधत राहिली, शेतं करत राहिली. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझीला मालकांना भरपाई मोजून प्रकरण मिटवावं लागलं. १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १,४०० माणसांच्या सुटकेचे कागद झाले. त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही याच डोंगरावर राहतात.